देणगीदारांचा फलक: आधी यादी, मग भिंत

वाचनालय, वसतिगृह, रुग्णालय किंवा शाळेची नवी इमारत उभी राहिली की लोकार्पणाच्या आधीच्या पंधरवड्यात कार्यकारिणीतील कुणाला तरी देणगीदारांच्या फलकाची आठवण होते. मग पावतीपुस्तके घाईघाईने चाळली जातात, फोनवरून नावे विचारली जातात, यादी डीटीपीवाल्याकडे जाते आणि आदल्या रात्री फलक भिंतीवर चढतो. अशा फलकात चुका राहिल्या तर आश्चर्य नाही. तो ओला असतानाच बसवलेला असतो. एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या कार्यकारिणीत काम करताना माझ्या देखरेखीखाली तीन फलक झाले. त्यांपैकी पहिला फसला, दुसरा बरा झाला आणि तिसऱ्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की देणगीदारांचा फलक ही सजावटीची वस्तू नसून संस्थेच्या जमाखर्चाचा चारचौघांत लावलेला उतारा आहे, आणि म्हणून त्याचे काम दगडापासून न करता वहीपासून सुरू करावे.

यादी कोठून घ्यावी

फलकावरचे प्रत्येक नाव पावतीशी जुळले पाहिजे. स्मरणशक्तीवर किंवा अध्यक्षांच्या सांगण्यावर विसंबून केलेल्या यादीत मोठ्या देणगीदारांची नावे येतात, आणि सलग आठ वर्षे दरवर्षी हजार रुपये देणारी निवृत्त बाई राहून जाते. आयकरात सवलत मिळणाऱ्या देणग्यांचे दातावार विवरण २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थांना आयकर विभागाकडे भरावेच लागते, त्यामुळे अलीकडच्या वर्षांची यादी हिशेब तपासनिसाच्या कार्यालयात तयार असते. त्यापूर्वीच्या वर्षांसाठी पावतीपुस्तकांची स्थळप्रत (संस्थेकडे राहणारी प्रत), कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि वार्षिक अहवाल हे तिन्ही समोर ठेवून बसावे. वस्तुरूपाने आलेली मदत या यादीत हमखास सुटते: कपाटे, पुस्तके, विहिरीचे पाणी, बांधकामासाठी मोफत दिलेली वाळू आणि मुख्य म्हणजे जमीन. जमीन देणाऱ्याला पावती मिळत नाही, बक्षीसपत्र होते. ते दप्तरात वेगळ्या कपाटात असते आणि त्याच कारणाने सगळ्यांत मोठा दाता यादीबाहेर राहतो.

नावे मात्र या विवरणातून उचलू नयेत. तेथे नाव पॅनकार्डाप्रमाणे रोमी लिपीत असते, आणि रोमी लिपीतून मराठी आडनाव परत आणणे म्हणजे अंदाज बांधणे होय. काळे आणि काले, काणे आणि काने, राणे आणि राने, साठे आणि साथे, डांगे आणि दांगे या जोड्या तेथे अगदी सारख्या दिसतात. यावर उपाय एकच आहे: प्रत्येक देणगीदाराला छोटा कागद पाठवावा आणि त्यावर ‘फलकावर आपले नाव जसे यावे असे वाटते तसे देवनागरीत आपल्या हाताने लिहून सही करावी’ अशी विनंती करावी. याच कागदावर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: नाव लावण्यास संमती आहे का, देणगी कुणाच्या स्मरणार्थ आहे का, आणि गावाचे नाव घालायचे का. परदेशातील मंडळींकडून हाच कागद भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून मागवता येतो. हस्ताक्षरातले हे कागद पुढे फायलीत लावून ठेवावेत, कारण दोन वर्षांनी ‘आमच्या वडिलांचे नाव चुकले’ असे कुणी म्हटले की उत्तर त्यातच सापडते.

उपाध्यांचा प्रश्न लहान वाटतो, पण सर्वाधिक रुसवे येथेच होतात. श्री., सौ., श्रीमती, कु., डॉ., ॲड., प्रा. यांतले काय ठेवायचे याचा नियम आधी ठरवून तो सर्वांना सारखा लावावा. माझे मत विचाराल तर जिवंत व्यक्तींच्या नावामागे काहीही लावू नये, त्यामुळे सौ. की श्रीमती हा नाजूक प्रश्नच उरत नाही आणि डॉक्टर व हमाल एका ओळीत येतात. दिवंगत व्यक्तींसाठी ‘कै.’ लिहिण्याची आपली रीत आहे, परंतु कैलासवासी हा शब्द सर्व धर्मांच्या कुटुंबांना लागू पडत नाही. सार्वजनिक संस्थेने ‘दिवंगत’ लिहावे किंवा कुटुंबाला विचारावे.

आमचा पहिला फलक याच ‘कै.’मुळे फसला. संगणकावरील तक्त्यात उपाधीचा रकाना वेगळा आणि नावाचा रकाना वेगळा केला होता. कुणीतरी अकारविल्हे लावण्यासाठी फक्त नावाचा रकाना निवडला. नावे हलली, उपाध्या जागच्या जागी राहिल्या. काळ्या ग्रॅनाईटवर एकशे अठ्ठेचाळीस नावे कोरून आली आणि लोकार्पणाच्या दिवशी एक निवृत्त गुरुजी स्वतःच्या नावासमोर चष्मा सावरीत उभे राहिले. तेथे ‘कै.’ होते. ‘एवढी घाई का केलीत?’ एवढेच ते म्हणाले आणि चहाला गेले. मोजून पाहिले तेव्हा अकरा हयात माणसांना आम्ही कैलासवासी केले होते आणि तितक्याच दिवंगतांना परत आणले होते. कोरलेल्या दगडावरचे अक्षर खोडता येत नाही. सबंध पृष्ठभाग घासून, पुन्हा पॉलिश करून नव्याने कोरावा लागतो, आणि त्याचा खर्च नव्या पाटीच्या जवळपास जातो. तेव्हापासून उपाधी व नाव एकाच रकान्यात लिहिण्याचा नियम आम्ही केला आहे. मुद्रितशोधनाला दोन माणसे बसतात. एक जण हस्ताक्षरातला कागद मोठ्याने वाचतो, दुसरा कच्च्या प्रतीवर खूण करतो, आणि वाचन शेवटच्या नावापासून उलटे केले जाते, कारण ओळखीच्या क्रमाने वाचताना डोळा न वाचताच पुढे सरकतो.

क्रम आणि श्रेणी

रकमेप्रमाणे उतरता क्रम लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते, आणि ती सर्वांत लवकर शिळी होते. जुन्या वाचनालयांच्या प्रवेशद्वाराशी संगमरवरावर ‘रु. १०१’ असे कोरलेले असते. ती रक्कम ज्याने दिली त्याच्या घरचा महिन्याचा खर्च तेवढ्यातच भागत असेल. आज ती वाचणारा मुलगा हसतो. म्हणून रक्कम फलकावर न लिहिता वार्षिक अहवालात छापावी, आणि फलकावर दशकवार किंवा इमारतीच्या टप्प्यांप्रमाणे गट करावेत. श्रेणी हवीच असेल तर आश्रयदाते, उपकर्ते, हितचिंतक ही आपल्या संस्थांमधली जुनी नावे अजून उपयोगी आहेत. सोने, चांदी, प्लॅटिनम अशी सराफी उतरंड वाचनालयात विचित्र दिसते. श्रेणी तीनपेक्षा जास्त नसाव्यात आणि प्रत्येक श्रेणीतील अक्षराचा आकार एकच असावा. मोठ्या दात्याचे नाव वर असू शकते, पण दुप्पट मोठे असण्याचे कारण नाही.

श्रेणीच्या आत अकारविल्हे क्रम सर्वांत कमी भांडणाचा असतो, मात्र तो आडनावावर लावायचा की पहिल्या नावावर हे आधी ठरवावे. संगणकाचा क्रम आणि आपली वर्णमाला येथे जुळत नाहीत हेही लक्षात असू द्यावे. संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क आणि ष यांचे जोडाक्षर असल्यामुळे क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या घोळक्यात जाऊन बसते, तर शाळेत शिकलेला माणूस ते यादीच्या शेवटी शोधतो. असे एखाददुसरे नाव हाताने उचलून योग्य जागी ठेवावे.

मजकूर किती आणि कसा

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. त्यांतील एकात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, लेण्याचे द्वार दान दिल्याचे सांगितले आहे. गाव, धंदा, नाव, दान, एवढे चारच तपशील आणि तेही मोजक्या शब्दांत. ‘दानशूर’, ‘थोर समाजसेवक’, ‘कृपाशीर्वादाने’ यांपैकी काही नाही, तरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. आपल्या फलकांवरून गाव आणि धंदा का गळाला हे मला कळत नाही. ‘सुतारकाम’, ‘भाजीविक्री’, ‘शिक्षिका’ असे शब्द नावापुढे आले तर वाचनालय कुणी उभे केले हे न सांगता कळते. अर्थात यालाही देणगीदाराची संमती हवी.

कायमस्वरूपी ठेवीसाठी नमुना नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळतो. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात असे नोंदले आहे की ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून दिले. त्यांतील २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्का दराने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, असेही त्यात आहे. हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज २४० आणि बारा गुणिले वीस तेवढेच. लेखाच्या शेवटी हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले आणि फलकावर नोंदले असे सांगितले आहे. आज एखादे कुटुंब शिष्यवृत्तीसाठी ठेव देते तेव्हा फलकावर फक्त ‘यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती’ असे येते. त्याऐवजी ‘या ठेवीच्या व्याजातून दरवर्षी दहावीच्या एका विद्यार्थ्याची पुस्तके घेतली जातात’ असे एक वाक्य लिहिले, तर दाता आणि संस्था दोघेही बांधले जातात.

ठराविक शब्दांचीही छाननी करावी. ‘यांजकडून’, ‘यांच्या स्मरणार्थ’, ‘यांच्या हस्ते’ हे तीन वेगवेगळे व्यवहार आहेत. उद्घाटन करणाऱ्या पाहुण्याचे नाव देणगीदारापेक्षा मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली संपूर्ण कार्यकारिणीची पदांसह यादी, हा आपला नेहमीचा प्रकार. उद्घाटनाची कोनशिला वेगळी करावी व देणगीदारांचा फलक वेगळा. एकाच दगडावर दोघांना बसवले की नक्की कुणाचे आभार मानले आहेत हे समजत नाही.

जाहिरात आणि गुप्तदान

नावाची पाटी लावली म्हणून संस्थेला वस्तू व सेवा कर भरावा लागेल का, अशी भीती अनेक विश्वस्तांना वाटते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात (क्रमांक ११६/३५/२०१९) याचा खुलासा केला आहे. देणगी खरोखर देणगी असेल, तिचा हेतू परोपकाराचा असेल, व्यापारी लाभाचा नसेल, आणि पाटीवरचा मजकूर केवळ कृतज्ञता दाखवणारा असून दात्याच्या धंद्याची जाहिरात करणारा नसेल, तर कर लागत नाही. वडिलांच्या स्मरणार्थ मुलीने बांधून दिलेल्या खोलीच्या दारावर तसे लिहिणे या सवलतीत बसते. दुकानाचे बोधचिन्ह, दूरध्वनी क्रमांक, ‘आमचे येथे सर्व प्रकारचे साहित्य मिळेल’ हे त्यात बसण्याची आशा धरू नये. देणगीदार व्यापारी असेल तर मजकुराचा मसुदा त्याच्या हाती देण्यापूर्वीच ही मर्यादा त्याला सांगावी, म्हणजे नंतर संकोच होत नाही. वर सुचवलेला धंद्याचा उल्लेखही याच कारणाने सामान्यनामातच करावा. ‘किराणा व्यापारी’ चालेल, दुकानाचे नाव नको.

ज्यांना नाव नको त्यांच्यासाठी ‘एक हितचिंतक’ अशी ओळ पुरेशी आहे. पाच जण असतील तर पाच ओळी द्याव्यात, कारण प्रत्येकाने आपापले दिले आहे. परंतु फलकावर नाव नसणे आणि दप्तरात नाव नसणे यांत फरक आहे. ज्या देणगीच्या दात्याचे नाव व पत्ता संस्थेनेच नोंदवलेला नाही, अशा निनावी देणग्यांवर धर्मादाय संस्थेला ठरावीक मर्यादेपुढे ३० टक्के दराने आयकर बसतो. गुप्तदान करणाऱ्याला हे समजावून सांगून पावती त्याच्याच नावाने फाडावी आणि ‘नाव प्रसिद्ध करू नये’ असा शेरा स्थळप्रतीवर लिहावा.

भिंत, अक्षर आणि वस्तू

फलकासाठी सर्वांत चांगली भिंत ती, जिच्यासमोर माणसे तशीही थांबतात: पुस्तक बदलण्याच्या खिडकीशेजारची, केसपेपरच्या रांगेसमोरची, पालक वाट पाहतात त्या व्हरांड्यातली. जिन्याच्या वळणावर कुणी थांबत नाही, आणि अध्यक्षांच्या दालनात लावलेला फलक फक्त अध्यक्ष वाचतात. सर्वांत वरची ओळ जमिनीपासून साडेसहा फुटांच्या वर आणि सर्वांत खालची अडीच फुटांच्या खाली जाऊ नये. यापेक्षा जास्त नावे असतील तर फलक उंच न करता रुंद करावा.

तीन मीटरवरून वाचता येण्यासाठी अक्षराची उंची, शिरोरेषेपासून पायापर्यंत, पंधरा ते वीस मिलिमीटर हवी. देवनागरीत या उंचीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा लागते हे विसरले की वरच्या नावाचा उकार खालच्या नावाच्या वेलांटीत अडकतो. ओळीची उंची अक्षराच्या दुपटीने धरावी. पट्टीची लांबी सरासरी नावावरून न ठरवता यादीतल्या सर्वांत लांब नावावरून ठरवावी. दीड इंच उंच आणि एक फूट लांब पट्ट्या धरल्या तर सहा फूट बाय चार फुटांच्या चौकटीत हिशेबाने १९२ मावतात, प्रत्यक्षात फटी आणि शीर्षक वगळून दीडशेच्या आसपास.

फॉन्टची परीक्षा घेण्यासाठी संपूर्ण यादी लागत नाही. गोऱ्हे, कऱ्हाडकर, ॲड., श्रोत्री, क्षीरसागर, शुक्ल एवढे शब्द छापून मागवावेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना गोऱ्हेंचे ‘गोर्हे’ होते. ‘श’ आणि ‘ल’ ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. डीटीपीवाल्याला हे दिसत नाही, कारण त्याला गोऱ्हे माहीत नसतात. नमुना पडद्यावर मंजूर करू नये. पूर्ण मापाचा कागदी नमुना काढून तो भिंतीवर आठवडाभर चिकटवून ठेवावा. येणारीजाणारी माणसे त्यात चुका काढतात, आणि कागदावरची चूक फुकट दुरुस्त होते.

वस्तूबाबत थोडक्यात सांगतो. काळा ग्रॅनाईट टिकतो. त्यावर रबरी साचा चिकटवून वाळूच्या माऱ्याने अक्षरे खोदतात आणि रंग भरतात. मात्र समोर खिडकी असेल तर त्यात नावांऐवजी वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो; मॅट फिनिश मागावे. पांढऱ्या संगमरवराला आम्लयुक्त द्रव लागले की चकाकी जाते, त्यामुळे फरशी धुण्याचे ॲसिड त्याच्या आसपास फिरकू देऊ नये. पितळ सुंदर दिसते, पण ते घासायला माणूस लागतो, आणि घासता घासता अक्षरातला रंगही जातो. कोकण, मुंबई, गोवा येथे समुद्राजवळ स्टेनलेस स्टील वापरायचे झाल्यास ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचे घ्यावे. स्क्रूही त्याच दर्जाचे, नाहीतर गंजाचे ओघळ नावांवरून उतरतात. फ्लेक्स हा मंडपासाठी असतो. उन्हात तो एक-दोन वर्षांत विटतो.

ज्या संस्थेला देणग्या चालू राहणार आहेत तिने एकसंध दगड घेऊच नये, असे मी आता म्हणतो. सुट्या पट्ट्यांची चौकट करावी, मागील पाच वर्षांतील नव्या देणगीदारांची सरासरी काढून पुढील दहा वर्षांची जागा रिकामी सोडावी आणि दरवर्षी हिशेब तपासणी झाल्यावर त्या वर्षीची नावे बसवावीत. चुकलेली पट्टी काही रुपयांत बदलता येते. सुट्या पट्ट्यांत अकारविल्हे क्रम दरवर्षी मोडतो हा तोटा आहे. वर्षवार गट केले की तोही राहत नाही.

खोली, पंखा आणि नाव

दालनाला नाव देण्यापूर्वी ठराव करून त्यात मुदत लिहावी: इमारत असेपर्यंत, तीस वर्षे, की वस्तू चालू असेपर्यंत. पंख्याच्या पात्यावर नाव रंगवण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे, आणि ते नाव पंखा बंद असतानाच वाचता येते. अशा वस्तूंवर नाव न घालता त्यांची नोंद मुख्य फलकावर घ्यावी. नाव लांब असेल तर बोलण्यात त्याचे काय होईल याचाही विचार करावा. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लागले. आज सगळे एसएनडीटी म्हणतात. त्यातला एन म्हणजे नाथीबाई हे विद्यार्थिनींनाही सांगावे लागते. दालनाला ‘नाथीबाई सभागृह’ असे दोन शब्दांचेच नाव दिले असते तर ते तसेच तोंडात राहिले असते. कुटुंबाने पूर्ण नावाचा आग्रह धरला तर पूर्ण नाव आतल्या पाटीवर लिहावे आणि दारावर लहान नाव लावावे.

नवी इमारत बांधताना जुन्या पाट्यांचे काय करायचे हेही त्याच ठरावात असावे. एका संस्थेच्या आवारात नळाखाली पाय धुण्यासाठी टाकलेली फरशी उलटी केली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला सव्वीस नावे निघाली. जुनी पाटी काढण्यापूर्वी तिरप्या उजेडात तिची छायाचित्रे घ्यावीत, सगळा मजकूर आहे तशा शुद्धलेखनासह नोंदवहीत उतरवावा, दोन सदस्यांनी ताडून सह्या कराव्यात, आणि पाटी शाबूत असेल तर नव्या आवाराच्या भिंतीत, छपराखाली, वाचता येईल अशा उंचीवर बसवावी. फुटली असेल तर तीच नावे नव्या चौकटीत सर्वांत वरच्या गटात, मूळ सालासह, घ्यावीत.